जो सॅम्पल, ‘सिंपल’ नव्हे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जॅझवर अर्धं पान आलं, बघून आधी आनंदच झाला, मराठी पेपरात जॅझवर अर्धं पान म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. लेख चांगलाय, जुन्या मंडळींबद्दल मनापासून लिहिलंय. पण शेवटच्या चौकटीत आलो आणि चहा तसाच राहिला. तिथे स्मूद जॅझला एका ओळीत निकालात काढलंय, ‘लिफ्टमध्ये आणि डेंटिस्टकडे वाजतं ते’ असं, आणि नमुना म्हणून ज्या पियानोवाल्याचं नाव दिलंय ते छापलंय ‘जो सिंपल’. वर ‘स्ट्रीट लाइफ’ हा रँडी क्रॉफर्ड या गायिकेचा अल्बम म्हणून टाकलाय.

आता मुद्रणदोष कुणाचेही होतात, त्याबद्दल भांडायला मी बसलो नाहीये. पण हा दोष इतका अचूक जागी पडलाय की गप्प बसवेना. त्या माणसाचं नाव जो सॅम्पल. आणि त्याच्याबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज नेमका हाच आहे की बाबा सोपं, सिंपल काहीतरी वाजवायचा. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो, तुम्ही काटछाट करालच, फक्त स्पेलिंगचं तेवढं ठेवा.

जो सॅम्पल जन्मला 1 फेब्रुवारी 1939 ला, अमेरिकेत टेक्सस राज्यात ह्यूस्टन शहरात. घर लुइझियानाच्या क्रिओल वळणाचं, म्हणजे फ्रेंच आणि आफ्रिकन मिसळ असलेली माणसं, कॅथलिक. शहराच्या ज्या फिफ्थ वॉर्ड भागात हे सगळं घडलं तिथे फ्रेंचटाउन नावाची अशा क्रिओल कुटुंबांची वस्तीच होती, अकॉर्डियनवर वाजणारं झायडेको संगीत तिथलं घरचं. त्यात चर्चमधलं गॉस्पेल, ब्लूज. पाचव्या वर्षी पोरगा पियानोवर बसला. म्हणजे ‘स्मूद’ वगैरे शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी याच्या कानात काय काय जाऊन बसलं होतं बघा.

तेव्हा शाळा वर्णाप्रमाणे वेगळ्या. फिलिस व्हीटली हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा, तिथे त्याला दोन दोस्त भेटले, विल्टन फेल्डर सॅक्सोफोनवाला आणि ‘स्टिक्स’ हूपर ड्रमवाला. तिघांनी शाळेतच ग्रुप काढला, स्विंगस्टर्स. पुढे टेक्सस सदर्न युनिव्हर्सिटीत ट्रॉम्बोनवाला वेन हेंडरसन आला. ही चौकडी मग लॉस एंजेलिसला गेली, नाव ठेवलं जॅझ क्रुसेडर्स, आणि 1961 ला पॅसिफिक जॅझ या कंपनीकडून पहिली रेकॉर्ड, ‘फ्रीडम साउंड’. शाळेतल्या पोरांचा ग्रुप सहसा गॅदरिंगपर्यंत टिकतो, यांचा पुढे तीसेक वर्षं चालला, मधे माणसं गळाली तरी.

तुमच्या लेखकाने ती साठच्या दशकातली रेकॉर्ड एकदा ऐकावी अशी माझी हात जोडून विनंती आहे. हार्ड बॉप हा जॅझचा प्रकार आहे तो, तडफदार, घामाचा. त्या काळात पुढच्या फळीत सॅक्सोफोनच्या जोडीला ट्रम्पेट असायचा, यांनी ट्रम्पेट ठेवलाच नाही, टेनर सॅक्स आणि ट्रॉम्बोन, दोन्ही भरीव घोगऱ्या आवाजाची वाद्यं, एकत्र वाजली की दोन काका ओसरीवर एकाच वेळी बोलतायत असं वाटतं. आणि या दोघांच्या मागे सॅम्पलचा पियानो, मधेच टोचणारा, मधेच ढकलणारा. लिफ्ट सोडाच, जिन्याने पळत चढायचं संगीत आहे.

1971 ला यांनी नावातून ‘जॅझ’ काढून टाकला आणि नुसते क्रुसेडर्स झाले. शुद्धतावाद्यांचा पारा चढला म्हणे, चढणारच, त्यांचा पारा त्यासाठीच असतो. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. ही माणसं टेक्ससची, नाचगाण्यात वाढलेली, सोल आणि ब्लूज यांच्या रक्तात, मग दुकानात एकाच खणात पाटी लावून का बसायचं? पुढच्याच वर्षी सॅम्पलची ‘पुट इट व्हेअर यू वाँट इट’ ही चाल आली, इलेक्ट्रिक पियानोवरची, इतकी साधी की ऐकून वाटतं मलाही जमली असती. बसून वाजवायला गेलात की कळतं. तो ठेक्याच्या किंचित मागे रेलून वाजवतो, पण पडत नाही, आणि ते रेलणं नोटेशनमध्ये लिहिताच येत नाही. 1975 मध्ये हीच मंडळी रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यात त्यांच्या आधी स्टेजवर वाजवत होती, गायक नसलेला ग्रुप, समोर रॉकसाठी जमलेली जनता. सोपं काम नाही ते.

इलेक्ट्रिक पियानोचा विषय निघालाय तर दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण ज्याला लोक ‘मऊ’ आवाज म्हणतात तो मुळात इथून येतो. सॅम्पलच्या हाताखाली बरेचदा असायचा तो फेंडर ऱ्होड्स. हॅरॉल्ड ऱ्होड्स नावाच्या माणसाने दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना दवाखान्यात पडल्या पडल्या पियानो शिकवता यावा म्हणून विमानाच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या वापरून मांडीवर मावेल असं वाद्य बनवलं होतं, त्याचा हा पुढचा अवतार. आत तारा नसतात. की दाबली की छोटी हातोडी एका बारीक पोलादी सळईवर आपटते, सळईच्या जोडीला जाड धातूची पट्टी, दोन्ही मिळून ट्यूनिंग फोर्कसारखं थरथरतात, आणि समोर गिटारमध्ये असतो तसा पिकअप ती थरथर विजेत बदलतो. हळू दाबा, घंटी वाजते. जोरात हाणा, तोच सूर गुरगुरतो. म्हणजे सगळा खेळ बोटाच्या वजनाचा. हेडफोन लावून नीट ऐकलंत तर चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये सुराच्या आधी हातोडीचा बारीकसा ‘टक’ सुद्धा येतो. मला तो टक सुराइतकाच आवडतो, बायको म्हणते याला गाण्यापेक्षा मशीनमध्ये जास्त इंटरेस्ट आहे, असेल.

आता तुमच्या वाचकांना वाटेल की असेल कोणी अमेरिकन, आम्हाला काय त्याचं. तर गंमत इथे आहे. इंग्रजी गाणी थोडीफार ऐकणाऱ्या बहुतेकांनी जो सॅम्पल ऐकलेला आहे, फक्त त्यांना माहीत नाही. सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये हा माणूस सेशनला, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवायला जायचा. मार्विन गे चा ‘लेट्स गेट इट ऑन’ 1973, त्यात हा. जोनी मिचेलचा ‘कोर्ट अँड स्पार्क’ 1974, त्यात हा. स्टीली डॅनचा ‘एजा’ 1977, एकेका गाण्यासाठी वादक बदलून बदलून ज्यांनी स्टुडिओवाल्यांना जेरीला आणलं ते स्टीली डॅन, त्यातही हा. ब्लूजवाल्या बी. बी. किंगबरोबर आख्खा ग्रुप वाजला. 1989 ला जॅझचा मोठा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याच्या ‘अमांडला’ वरही सापडतो. (फेल्डरचं तर आणखी भारी आहे, सॅक्सोफोनवाला माणूस, पण मायकल जॅक्सन आणि त्याच्या भावांच्या जॅक्सन फाइव्हच्या ‘आय वाँट यू बॅक’ मधला तो उड्या मारणारा बेस याचा.) आपल्याकडे पेटीवर साथ करणाऱ्याचं जे होतं तेच, मैफल गायकाची, पण पेटीवाला बदलला की जाणकाराला तिसऱ्या मिनिटाला कळतं.

आणि स्ट्रीट लाइफ. ही दुरुस्ती कृपया छापाच. 1979 चा तो अल्बम क्रुसेडर्सचा आहे, रँडी क्रॉफर्ड त्यात पाहुणी म्हणून एकच गाणं गायली. चाल जो सॅम्पलची, शब्द विल जेनिंग्जचे. हे तेच जेनिंग्ज ज्यांनी पुढे टायटॅनिकच्या ‘माय हार्ट विल गो ऑन’ चे शब्द लिहिले, म्हणजे त्यांनाही तुम्ही ओळखता. गाणं अल्बमवर अकरा मिनिटांच्या वर आहे, सुरुवातीला ती एकटीच असल्यासारखी संथ गाते, कुठे ठेका नाही, वाटतं रडगाणं आहे, आणि मग ठेका येतो आणि आख्खा रस्ता चालायला लागतो. रेडिओवर वाजली ती कापलेली छोटी आवृत्ती. अमेरिकेत छत्तिसाव्या नंबरला पोचलं, ब्रिटनमध्ये पाचव्या. पुढच्याच वर्षी याच दोघांनी रँडीसाठी ‘वन डे आय विल फ्लाय अवे’ लिहिलं, ते ब्रिटनमध्ये दोन नंबरला गेलं, आणि 2001 च्या ‘मूलाँ रूज’ सिनेमात निकोल किडमनने म्हटलं. सिनेमा पाहिलेले किती, आणि चाल कुणाची हे माहीत असलेले किती? मी स्वतः कित्येक वर्षं ते कुठलं तरी जुनं नाटकातलं गाणं समजत होतो, खोटं कशाला बोलू.

त्याचे स्वतःच्या नावाचे अल्बम, ज्यांच्यावरून त्याला स्मूद जॅझचा शिक्का बसला, ते ‘रेनबो सीकर’ 1978, ‘कार्मेल’ 1979, ‘व्हॉइसेस इन द रेन’ 1981. कार्मेल हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं गाव. यात तो खराखुरा पियानो पुढे आणतो, मागे व्हायोलिन वगैरे, चाली लांब आणि गुणगुणण्यासारख्या. हो, गोड आहे. कबूल. काही ठिकाणी मला पण जरा जास्त साखर वाटते, ऐंशीच्या उत्तरार्धातले एकदोन अल्बम मी काढतही नाही, तिथे सिंथेसायझरने घोळ घातलाय. पण ‘रेनबो सीकर’ च्या गोडव्याखाली त्याचा उजवा हात ऐका, एकच सूर चारचार वेळा टोकरत राहतो, एका सप्तकाच्या अंतराचे दोन सूर एकदम हाणतो, ब्लूजवाल्यासारखा शेजारच्या पट्टीवरून घसरून मूळ सुरावर येतो. चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्याला मोठ्या गर्दीच्या आवाजातून ऐकू जायचं असतं, तसं हे वाजवणं आहे, तबकात गुलाबजाम ठेवलाय पण धरणारा हात सुताराचा.

त्या अल्बममधल्या ‘इन ऑल माय वाइल्डेस्ट ड्रीम्स’ चं पुढे काय झालं ते तर कमालच. 1995 ला टुपाक शकूर या रॅपरने आईवर गाणं केलं, ‘डिअर ममा’, त्याच्याखाली जे वाहतं ते सॅम्पलच्या या तुकड्यावर उभं आहे. हिप-हॉपमध्ये जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलण्याला सॅम्पल घेणं म्हणतात, म्हणजे सॅम्पलचं सॅम्पल घेतलं, असा विनोद देवच करू जाणे. ते गाणं नंतर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. तुमच्या चौकटीतलं लिफ्टचं संगीत देशाच्या दप्तरात जाऊन बसलं.

तरीही कोणी म्हणेल की हा सगळा गोड पॉपचा मामला, जॅझवाल्यासारखं नुसतं ट्रायोमध्ये बसवलं तर उघडा पडला असता. त्याच्यासाठी माझ्याकडे एकच रेकॉर्ड आहे, ‘द थ्री’. 1975 च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झालेली, एका जपानी कंपनीसाठी. तिघंच, बेसवर रे ब्राउन, ड्रमवर शेली मॅन, म्हणजे दोघेही त्या त्या वाद्यातले आजोबा, आणि मधे छत्तीस वर्षांचा सॅम्पल. आणि ती डायरेक्ट-टू-डिस्क आहे. म्हणजे टेपच नाही. माइकमधून आलेला आवाज थेट कटिंगच्या सुईकडे जातो आणि सुई फिरत्या तबकडीवर तिथल्या तिथे खाच पाडत जाते. एका बाजूची सगळी गाणी सलग, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत कुणी खोकायचं पण नाही, आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या मिनिटाला कुणाचं बोट चुकलं तर ती तबकडी फेकायची आणि पहिल्यापासून सुरू. नंतर दुरुस्ती, जोडकाम, काही नाही. त्यात ‘सॅटिन डॉल’, ‘राउंड मिडनाइट’ अशा हजार जणांनी वाजवून गुळगुळीत केलेल्या चाली, आणि सॅम्पल त्या अशा वाजवतो की जणू गल्लीतल्या पोराचं नाव घेऊन हाक मारतोय. एका मित्राने मला ही ऐकवली तेव्हा कव्हर दाखवलं नव्हतं, मी तीन वेगळी नावं सांगून बघितली, तिन्ही चूक.

मग हे ‘स्मूद’ आलं कुठून? माझ्या मते यात वादकांपेक्षा रेडिओचा हात जास्त. 14 फेब्रुवारी 1987 ला लॉस एंजेलिसमध्ये एका रॉक स्टेशनने कात टाकली आणि ‘द वेव्ह’ नावाने शांत वाद्यसंगीत लावायला सुरुवात केली, ते चाललं, मग शिकागो, न्यूयॉर्क, सगळीकडे तशी स्टेशनं निघाली आणि या प्रकाराला स्मूद जॅझ हे नाव चिकटलं. गाणी निवडायची पद्धत काय, तर हॉलमध्ये श्रोते बसवायचे, प्रत्येक गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि मार्क मागायचे. ज्याला कुणी नावं ठेवली नाहीत ते वाजणार. आता काही सेकंदात कोणाचा सोलो कळतो का हो? त्यात जे टोचतं, जे मागे रेलतं, जे गुरगुरतं ते सगळं बाद. म्हणजे वादकांच्या रेकॉर्डींतलं सगळ्यात गुळगुळीत तेवढं हवेवर, आणि नवे वादक तेच बघून तसंच वाजवायला लागले, आणि बदनामी सगळ्यांची. सॅम्पलने तोवर पंचवीस वर्षं वाजवलं होतं. पुढे न्यूयॉर्कच्या स्टेशनने 2008 मध्ये आणि शिकागोच्याने 2009 मध्ये हा प्रकार बंद केला, जाहिरातदारांना तरुण श्रोते हवे होते. रेडिओ गेला, शिक्का राहिला.

आता रेडिओची जागा अॅपने घेतलीय, आणि मी ज्या अॅपवर ऐकतो (नाव घेत नाही) त्याने सॅम्पलला ‘गाढ झोपेसाठी’ या यादीत टाकलंय, पावसाच्या आवाजाच्या आणि पंख्याच्या घरघरीच्या मधोमध. मी तक्रार केली, उत्तर आलं तुमचा अभिप्राय मोलाचा आहे. झोपेसाठी म्हणून त्याचं गाणं लावलं आणि मधे त्याचा सोलो आला की मी तर उठून बसतो.

उतारवयात त्याने जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं. माणूस ह्यूस्टनला परत गेला, टेक्सस सदर्न युनिव्हर्सिटीत मुलांबरोबर काम करायला लागला, जिथून सुरुवात केली तिथेच. आणि म्हातारपणी अकॉर्डियन हातात घेतला. पियानोत नाव कमावलेल्या माणसाने! क्रिओल जो बँड काढला आणि लहानपणी वस्तीत ऐकलेलं झायडेको वाजवायला लागला, पायाने ताल धरायला लावणारं, घामट, अजिबात स्मूद नसलेलं.

12 सप्टेंबर 2014 ला ह्यूस्टनमध्येच गेला, मेसोथेलिओमाने, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. वय 75. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेन हेंडरसन गेला होता, पुढच्या सप्टेंबरात विल्टन फेल्डर. शाळा-कॉलेजातली चौकडी, त्यातले तिघे दीड वर्षात.

तर संपादक महोदय, पूर्ण पत्र छापा असं मी म्हणत नाही, जागेची अडचण मला कळते. लेखकावर रागही नाही, उलट त्यांना ‘द थ्री’ ऐकायची असेल तर माझा पत्ता तुमच्याकडे आहेच, घरी यावं, चहा मी करीन, कव्हर आधी दाखवणार नाही. फक्त पुढच्या रविवारी आतल्या पानावर खाली जो दुरुस्तीचा बारीक मजकूर असतो ना, त्यात दोन ओळी टाका. स्ट्रीट लाइफ हा क्रुसेडर्सचा अल्बम. आणि नाव सॅम्पल, स वर चंद्र द्यायचा, वेलांटी नाही.

कळावे,

आपला एक जुना वर्गणीदार